धडकेच्या आधी थांब

शिरीष,

काल शुक्रवार होता आणि तुझ्या घरी टीव्ही लावलेला होता. वहिनींनी लावला. सोफा गेला, जेवणाचं टेबल गेलं, पुस्तकांचं कपाट कुणीतरी खोलून नेलं, पण टीव्ही अजून भिंतीवर आहे. आम्ही दोघं सतरंजीवर बसलो. साडेबाराला मेलबर्नहून ऑस्ट्रेलियन फुटबॉलची मॅच सुरू झाली. तिकडे रात्र, इकडे आखातात बाहेर ऊन रणरणतंय, जुम्म्याचा नमाज आटोपून खाली गाड्या निघाल्यात. सगळं नेहमीसारखंच होतं. पडद्यासमोर उभा राहून आडवा येणारा माणूस तेवढा नव्हता.

तुझ्याबद्दल लोक जे बोलतात ते ऐकून मला कंटाळा आलाय. ईसा टाउनला तुझी शोकसभा झाली, त्यात जो उठला तो तुला देवमाणूस म्हणून खाली बसला. देवमाणूस तू नव्हतास. इतक्या वर्षांत तू मला एकदाही रिमोट दिला नाहीस. वाद हरायला लागलास की तुला तहान लागायची. पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात जायचास आणि येताना नवा मुद्दा घेऊन यायचास. मलाही बोलायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं, कारण आपला एक वाद अर्धवट राहिला होता आणि तो त्या सभेत मांडण्यासारखा नव्हता. तो इथे मांडतो. मध्ये पाणी प्यायला जाता येणार नाही तुला.

आपली ओळखच मुळी वादातून झाली. सित्राला तुमच्या यार्डात एक फोर्कलिफ्ट कलंडली होती आणि मी इन्शुरन्सकडून पाहणीला आलो होतो. तू पिवळं जॅकेट घालून उन्हात उभा. मी विचारलं, कोणाला लागलं? नाही. माल गेला? नाही. मशीन? सरळ केली, चालू आहे.

"मग क्लेम होत नाही. माझी फाईल बंद," मी म्हणालो.

"तुमची बंद," तू म्हणालास. "माझी आत्ता उघडली."

मग अर्धा तास तू मला उन्हात उभं करून समजावलंस की जो अपघात होता होता राहिला, त्याचीसुद्धा झालेल्या अपघाताइतकीच चौकशी करायची, हे तुझं काम. त्याला तुमच्यात निअर मिस म्हणतात. माणूस वाचला ते त्याचं नशीब, चूक मात्र तेवढीच धरायची. मला तो शुद्ध वेळेचा अपव्यय वाटला होता. जे झालंच नाही त्याचा पैसा कुणी कुणाला देत नाही, त्यामुळे माझ्या लेखी ते जगात नसतंच. हे मी तुला सांगितलं, आणि त्याबद्दल तू मला घरी जेवायला बोलावलंस. तुझं असंच होतं. माणूस पटला नाही की त्याला जेवायला बोलवायचास.

हा खेळ तुला लागला तो तुमच्या ऑस्ट्रेलियन सेफ्टी मॅनेजरमुळे. तो बिचारा करार संपल्यावर आपल्या गावी गेला आणि त्याचं वेड तुझ्याकडे ठेवून गेला. तू ते माझ्या गळ्यात घातलंस. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला काही कळेना. क्रिकेटचं मैदान, त्यावर दोन्हीकडचे अठरा-अठरा गडी, चेंडू अंड्यासारखा, लोक एकमेकांच्या खांद्यावर गुडघे टेकून हवेत उडतायत आणि चेंडू झेलतायत. हुतूतू, फुटबॉल आणि लग्नातली पळापळ एकत्र केल्यासारखं काहीतरी. "ह्याला नियम आहेत का?" मी विचारलं. "फार आहेत," तू खुशीत म्हणालास. तुला नियमांनीच जिंकलं होतं.

त्यातही एक नियम तुझ्या खास प्रेमाचा. तिकडे प्रत्येक सामन्यानंतर अंपायर सर्वोत्तम तीन खेळाडूंना तीन, दोन, एक अशी मतं देतात आणि हंगामाअखेर ज्याची मतं जास्त त्याला पदक. पण ते पदक सर्वोत्तम आणि सगळ्यात सचोटीने खेळलेल्या खेळाडूचं असतं. मैदानावर आडदांडपणा केला, सस्पेंड झाला, की मतं कितीही असोत, पदकातून नाव बाद. "बघ मक्या," तू म्हणायचास, "नुसतं चांगलं खेळून भागत नाही." मग आपणही मतं द्यायला लागलो. मॅच संपली की तीन कोणाला, दोन कोणाला, एक कोणाला. दोघांचं एकमत झाल्याशिवाय सोलकढी वाढायची नाही, हा नियम वहिनींनी काढला, कारण जेवणात आपण भांडत बसायचो आणि मासा गार व्हायचा. त्या नियमामुळे मासा आणखीच गार व्हायला लागला.

तुझी स्वतःची कुठली टीम नव्हती. माझी होती. ज्याची टीम नाही त्याच्याशी भांडणं फार अवघड असतं, त्याला दुखवायला जागाच नसते. माझ्या टीमचा नऊ नंबर आठवतोय ना. कसा विसरशील. त्या दिवशी त्याने पाच गोल मारले होते आणि मध्ये एकदा, चेंडू कधीच निघून गेलेला असताना, एकाला पळत येऊन खांद्याने उडवलं होतं. तो पडला, उठला, हसला आणि खेळायला लागला. नऊ नंबरला नंतर किरकोळ दंड झाला आणि विषय मिटला. मी म्हणालो, तीन मतं. तू म्हणालास, शून्य.

"अरे, त्याला काही झालं नाही."

"ते त्याच्या मानेला विचार. ह्याने मारताना काय विचार केला होता? की ह्याला काही होणार नाही असं बघून मारू?"

अशा धडकांची शिक्षा ठरवणाऱ्या तिकडच्या ट्रायब्युनलशी तुझं भांडण होतं आणि ते ऐकायला मी होतो. तिथे तीन गोष्टी बघतात. मुद्दाम केलं की बेफिकिरीने. कुठे लागलं. आणि किती जोरात. ही तिसरी तुझ्या घशात अडकली होती, कारण किती जोरात हे बहुतेक वेळा पडलेल्या माणसाच्या अवस्थेवरून ठरतं. उठून पळाला तर थोडक्यात सुटका, बेशुद्ध पडला तर कित्येक सामने घरी. मला त्यात काही गैर दिसत नव्हतं. जितकं नुकसान तितकी भरपाई, जग असंच चालतं. माझा पगार त्यावरच निघतो. "तुझा पगार लागल्यावर निघतो," तू म्हणालास, "माझा लागू नये म्हणून." त्या दिवशी पाणी प्यायला मी उठलो.

रिप्ले बघायची तुझी एक पद्धत होती. आवाज बंद करायचा, कारण कॉमेंटरीवाला निकाल आधीच सांगून टाकतो. आणि धडक बसायच्या बरोबर आधी चित्र थांबवायचं. खांदा आणि हनुवटी यांच्यात अजून वीतभर जागा आहे, तिथे. "धडकेच्या आधी थांब. आता सांग, हा काय करतोय? चेंडू कुठे आहे, ह्याचे डोळे कुठे आहेत? पडलेला माणूस बघितलास की तुझा डोळा बिघडतो. मग तुला सगळं आधीपासूनच दिसत होतं असं वाटायला लागतं." सित्राला तू नव्या पोरांना हेच शिकवायचास म्हणे. मला मात्र ते अर्धवट जेवल्यासारखं वाटायचं. शेवट बघितल्याशिवाय कुठली गोष्ट बंद करू नये, असं मी म्हणायचो.

आपला शेवटचा शुक्रवार. एक कोवळा पोरगा, मोठ्या मैदानावर पहिल्यांदाच उतरलेला. सुरेख खेळत होता. दोघं समोरासमोरून एकाच चेंडूवर गेले, आणि अगदी शेवटच्या क्षणी ह्याने अंग चोरून खांदा पुढे केला. समोरचा जागच्या जागी कोसळला, त्याला गाडीवरून बाहेर नेलं. पोराचं तोंड पांढरं पडलं होतं. तो सस्पेंड होणार हे शेंबड्या पोराला कळलं असतं. मी म्हणालो, शून्य. आणि तू म्हणालास, दोन.

मला धक्काच बसला. नऊ नंबरला शून्य आणि ह्याला दोन? "तू बदललास," मी म्हणालो. "मी होतो तिथेच आहे," तू म्हणालास. "त्याचे डोळे चेंडूवर होते. शेवटी घाबरून वळला. तू माणूस पडलेला बघितलास, म्हणून तुला हा गुंड वाटतोय." आपलं जमेना. मासा गार झाला. शेवटी वहिनींनी निकालाशिवायच सोलकढी वाढली, असं पहिल्यांदा झालं. "तुमचं काही संपत नाही," त्या म्हणाल्या. मला गाडीपर्यंत सोडायला तू खाली आलास, काचेवर टकटक केलंस आणि म्हणालास, "क्लिप पुढच्या शुक्रवारी परत लावू. इंशाल्ला, तुला पटेल." मी हात हलवला. काच खाली केली नाही, एसी जाईल म्हणून.

त्यानंतर जे झालं ते तुला माहीत असायचं कारण नाही. सित्राहून येताना तुबलीच्या अलीकडे तुझा टायर बसला. तू पिवळ्या रेघेपलीकडे, कडेच्या पट्टीत गाडी घेतलीस. दिवे लावलेस. जॅकेट घातलंस, लाल त्रिकोण मोजून लांब ठेवलास. रस्ता तुंबलेला होता, आणि तुंबला की लोक त्या पट्टीतून गाड्या घालतात. सगळेच घालतात. तू कधी घातली नाहीस, त्यापायी मी तुझ्या शेजारी बसून कितीदा उशिरा पोचलोय. तशीच एक पिकअप आली. तू सगळं नियमाने केलं होतंस आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. ह्याचा मला राग येतो. कोणाचा येतो ते अजून कळलेलं नाही, बहुधा तुझाच.

वहिनी तुला पुण्याला घेऊन गेल्या आणि सगळं आटपून घर आवरायला एकट्याच परत आल्या. त्यांच्या शाळेतल्या नोकरीचा राजीनामा, व्हिसा, सामान, आणि कोर्ट. पिकअपवाला कराडकडचा आहे, एसीचे पार्ट पोचवतो. आत आहे. वकील म्हणाले, इथे कुटुंबाचं म्हणणं विचारतात. वहिनींनी माफ केलं असं लिहून दिलं तर त्याची शिक्षा कमी होऊ शकते. मी लगेच सांगितलं, लिहून देऊ नका. माझ्या हिशेबात त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. ह्यापेक्षा मोठं नुकसान मी पाहिलेलं नाही.

मग एका सकाळी त्याचा थोरला भाऊ आला. तुबलीत गॅरेजात असतो. मी तिथेच होतो, खोकी बांधत. तो दारातच उभा राहिला, चपला बाहेर काढून, पण आत येईना. मी काही बोलणार तेवढ्यात त्याने हात जोडले.

"वैनी, माफी मागाया न्हाई आलो. तेवढं तोंड न्हाई आमचं. तुमी एकल्या, सामान उचलाया मानूस लागंल, म्हनून आलो."

मी वहिनींकडे बघितलं. मी असतो तर दारातूनच परत पाठवला असता. वहिनींनी त्याच्या बाहेर काढलेल्या चपलांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सोफा न्यायचाय. पायाकडून धरा, एक पाय सैल आहे." तो आणि मी, आम्ही दोघांनी मिळून तुझा सोफा जिन्यावरून उतरवला. वळणावर तो मला म्हणाला, "सायेब, जरा तिरका घ्या." आमच्यात तेवढंच बोलणं झालं. चहा दिला तर त्याने तो दाराबाहेर उभा राहून प्यायला आणि कप धुऊन ठेवला.

तो गेल्यावर वहिनींनी विचारलं, "भावोजी, हे असते तर काय म्हणाले असते?"

मी म्हणालो, मला कसं कळणार.

"तुम्हालाच कळेल. मी आयुष्यभर ह्यांचं जेवण वाढलं, वाद तुम्ही घातलात."

तुझ्या मागे जी गाडी अडकली होती तिच्यात कॅमेरा होता. ती क्लिप वकिलांमार्फत घरी आली होती आणि वहिनींनी ती उघडली नव्हती. त्या म्हणाल्या, तुम्ही बघा, तुम्हाला कामामुळे सवय आहे. सवय आहे, खरं. मी शेकड्याने अशा क्लिपा पाहिल्यात, चहा पीत पाहिल्यात. मी ती घरी नेली आणि तुझ्या पद्धतीने बघितली. आवाज बंद केला. तुझी पद्धत पटली म्हणून नव्हे, दुसऱ्या कुठल्या पद्धतीने मला ती बघवली नसती.

सांगतो काय दिसतं ते. डावीकडे तुंबलेली रांग. उजवीकडे कडेची पट्टी, पुढे तुझी गाडी, मागे तू. आधी एक पांढरी व्हॅन पट्टीत घुसते, त्रिकोण बघून रांगेत परत शिरते. तिच्यामागे एक मोठी जीप, तीही अगदी तोंडाशी येऊन रांगेत घुसते. जीपच्या मागे ही पिकअप. तिला तू दिसणं शक्य नव्हतं, जीपच तेवढी उंच आहे. मी तिथे थांबवलं. जीप आत वळली आहे, पिकअप आणि त्रिकोण यांच्यात अजून जागा आहे.

तिघांनी एकच गोष्ट केली होती. त्यातले दोघे त्या दिवशी घरी जाऊन जेवले असतील. त्यांना आजही माहीत नसेल की आपण काही केलं. तू त्या तिघांना काय दिलं असतंस ते मला लगेच कळलं. तिघांना शून्य. सारखंच. मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडून पाहिलं. म्हटलं, पण गेला कोण? तू गेलास. त्याचं वजन काहीच नाही? तू नेहमीसारखा म्हणालास, ते वजन तुझं आहे, ते त्याच्या चुकीत मिळवू नकोस.

मी अजून तुझ्याशी सहमत नाही, हे स्पष्ट सांगतो. मला तो माणूस नको वाटतो. त्याच्या भावाचा धुतलेला कपही मला नको वाटतो. तुझ्या म्हणण्यापेक्षा मला तू हवा होतास, चुकीचा असतास तरी चाललं असतं. पण वहिनींनी मला माझं मत विचारलं नव्हतं, तुझं विचारलं होतं. म्हणून मी ते जसंच्या तसं सांगितलं. पांढरी व्हॅन, जीप, पिकअप, तिघांना सारखंच. माझ्या पदरचं काही घातलं नाही. वहिनींनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी वकिलांकडे मला बरोबर घेऊन गेल्या.

"माफ केलं असं मी लिहिणार नाही," त्या म्हणाल्या. "पण माझा माणूस गेला म्हणून त्याला जास्त द्या, असंही मी म्हणणार नाही. पट्टीतून गाडी घातली, त्याची जी काय असेल ती शिक्षा होऊ दे. आणि पुढच्या दोन गाड्याही शोधा म्हणावं. त्यांचे नंबर दिसत असतील."

वकिलांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, मॅडम, असं कोणी मागत नाही. लोक माफ तरी करतात, नाहीतर जास्तीत जास्त शिक्षा तरी मागतात. वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे असंच आहे." कोर्ट काय करेल ते माहीत नाही. त्या दोन गाड्या कोणी शोधेल असं मला वाटत नाही. पण तुझं म्हणणं एकदा अधिकृतपणे कुठेतरी पोचलं. सित्राला इतकी वर्षं बोललास त्यापेक्षा जरा वरच्या ठिकाणी.

आणि काल शुक्रवार. तो पोरगा सस्पेन्शन संपवून परत आला होता. काही खास खेळला नाही. दोनदा हातातला चेंडू सुटला, एकदा सोपा गोल चुकला, आणि प्रत्येक वेळी समोरून कोणी आलं की तो कळेल न कळेल इतका थबकत होता. मॅच संपली. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "ह्याला किती?"

"आज काही नाही," मी म्हणालो. "पण त्या दिवशीची दोन देऊन टाकू."

त्या दारात आल्या. "नक्की?"

"नक्की. खलास."

खोक्यात बांधायच्या राहिलेल्या दोन वाट्या घेऊन त्यांनी सोलकढी वाढली. सतरंजीवर बसून आम्ही जेवलो. सुरमई गरम होती, वाद न घालता जेवलं की ती गरम असते हे मला नव्यानेच कळलं. मला तुझी फार आठवण आली. पुढच्या आठवड्यात वहिनी जातील, टीव्ही माझ्याकडे द्यायचं म्हणतायत, आणि रिमोटही.

ती क्लिप माझ्याकडे आहे. शेवट बघितल्याशिवाय काही बंद करू नये असं मी तुला नेहमी सांगायचो. ही मी थांबवली तिथेच थांबलेली आहे. तू जॅकेट घालून उभा आहेस, एक हात वर करून मागच्यांना सांगतोयस, बाजूने घ्या, बाजूने घ्या. पुढचं मी बघितलेलं नाही.